भंगारातला कॅमेरा आणि फाळक्यांच्या नावावर खपवलेल्या इतर गोष्टी

३० एप्रिल (जन्मदिवस) आणि ३ मे (१९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो दिवस) जवळ आले की दादासाहेब फाळक्यांवरचा तो लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा तो भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या वहीत शब्दशः उतरलेला दिसला, म्हणून एकदाचं हे लिहून टाकतो. ज्यांच्याकडे तो अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी सारांश असा: फाळके हा कसलंही शिक्षण नसलेला गरीब माणूस. त्याने एक सिनेमा पाहिला, एक इंग्रजी पुस्तक वाचलं, भंगारातले पत्रे आणि सायकलचे सुटे भाग जोडून स्वतः कॅमेरा बनवला. रोज एक याप्रमाणे महिनाभर फोटो काढून रोप वाढतानाचा सिनेमा केला. पत्नीने मंगळसूत्र विकून पैसे दिले. एकही बाई कामाला तयार होईना, पुढची वीस वर्षं पडद्यावर पुरुषच साड्या नेसून वावरले. सिनेमापायी ते कायमचे आंधळे झाले, इंग्रजांची लाखोंची नोकरी त्यांनी लाथाडली आणि शेवटी नाशिकच्या रस्त्यावर भीक मागत मेले. खाली ‘संपूर्ण मूळ राजा हरिश्चंद्र’ची लिंक, आणि अकरा जणांना पाठवा.

कॅमेऱ्यापासून सुरू करू, कारण त्यावर टाळ्या सर्वांत जास्त पडतात.

फाळक्यांनी कॅमेरा बनवला नाही, विकत आणला. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला जायला बोटीत बसले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांना भेटले, त्यांच्या ओळखीने इंग्रज चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत आठवडाभर राहून कामाचे सगळे टप्पे पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला परत आले. सामान मे महिन्यात मुंबईत पोचलं. इतकी सरळ गोष्ट आहे.

घरी कॅमेरा बनवल्याची गोष्ट खरी आहे, पण ती कोल्हापूरची आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, तो उलगडून पाहिला आणि कॅमेरा बनवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने तो पुरा केला आणि त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने बाबूरावांचा कॅमेरा फाळक्यांच्या हाती दिला आणि बाबूरावांना गोष्टीतून हाकलून दिलं. एकाच दमात दोघांवर अन्याय!

शिवाय सायकलच्या भागांतून कॅमेरा का होत नाही, तेही पाहा. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला, म्हणजे एका चित्राला, प्रत्येक बाजूला चार छिद्रं असतात आणि लगतच्या दोन छिद्रांतलं अंतर साधारण पावणेपाच मिलिमीटर. कॅमेऱ्यातले खिळे त्या छिद्रांत शिरून फिल्म एक चौकट खाली ओढतात, थांबतात, झडप उघडून मिटते, पुन्हा ओढतात. त्या काळी हँडलच्या एका फेरीला ८ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेऱ्या, १६ चौकटी. थांबण्याच्या जागेत केसभर फरक पडला तर पडद्यावर तो शेकडो पटींनी मोठा होऊन राजवाडा गदागदा हलताना दिसतो. पेंटर आणि दामले यांच्यासारख्या कसबी माणसांनाही यात वर्षं घालवावी लागली, ती याच कारणाने.

‘कसलंही शिक्षण नाही’ हे तर धडधडीत खोटं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, १८९० नंतर बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, रविवर्म्याच्या लोणावळ्याच्या छापखान्यासाठी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनी गाठली. जादूचे प्रयोगही करायचे, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. फाळके उलटं वाचा. आता हिशोब मांडा: जिलेटिनवर चांदीचे क्षार कसे वागतात हे फोटोग्राफरला माहीत, एकावर एक ठसा तंतोतंत कसा बसवायचा हे छपाईवाल्याला माहीत, आणि बघणाऱ्याचा डोळा कुठे फसवायचा हे जादूगाराला माहीत. सिनेमाला लागणारं जवळजवळ सगळं या माणसाकडे चाळिशीपर्यंत गोळा झालेलं होतं. हेपवर्थचं पुस्तक त्यांनी वाचलं होतं, हे खरं. पण ते समजायला आधीची पंचवीस वर्षं लागली.

ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट गिरगावात पाहून कृष्ण आणि राम डोळ्यांपुढे उभे राहिले, हे मात्र बरोबर. ते त्यांनी स्वतःच ‘नवयुग’ मासिकातल्या १९१७-१८ च्या लेखांत लिहिलं आहे. फाळक्यांवर काही पाठवायचंच असेल तर ते लेख पाठवा. मराठीत आहेत, त्यांच्याच शब्दांत आहेत. आपले चित्रपट स्वदेशी का, याचंही उत्तर त्यांत आहे: भांडवल, मालकी, माणसं आणि कथा इथल्या म्हणून. कॅमेरा इथला असल्याचा दावा खुद्द फाळक्यांनी केला नाही, तो आपण कशाला करायचा?

आता रोपाच्या फिल्मबद्दल. ‘रोज एक फोटो, महिनाभर’ हे वाचायला गोड आहे. महिन्याचे दिवस तीस, चौकटी तीस. सेकंदाला सोळा या वेगाने चालवल्या तर दोन सेकंदही होत नाहीत. अंकुराची वाढ दाखवणारी ती फिल्म मिनिटभराची होती असं सांगतात; म्हणजे हजाराच्या आसपास चौकटी, दिवसाला तीस-पस्तीस. कुंडी तसूभर हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही, आणि प्रत्येक वेळी उजेड शक्यतो सारखा धरायचा. नाहीतर ढग आला-गेला की पडद्यावर लुकलुक होते. कुणाला तरी एकाच जागी महिनाभर अडकून पडावं लागतं. आणि ही फिल्म हौसेपोटी काढलेली नव्हती. पैसे लावणाऱ्यांना दाखवायचा तो नमुना होता आणि तो कामी आला, नारायणराव देवहरे आणि यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं.

यावरून मंगळसूत्राकडे येऊ. सरस्वतीबाईंचे दागिने सिनेमापायी गेले, हे कबूल. पण लंडनवारीचे पैसे उभे राहिले ते फाळक्यांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. या मजकुरात सरस्वतीबाई गळ्यातलं काढून देतात आणि गायब होतात. प्रत्यक्षात त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण भाषणात हे कधीच येत नाही.

कोरी फिल्म यायची ती छिद्रांशिवाय. ती घरी पाडावी लागत. फिल्मला उजेड चालत नाही, त्यामुळे काम अंधारात किंवा मंद लाल दिव्यात. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे म्हणून तो दिवा चाले. (म्हणूनच लाल लुगडं पडद्यावर काळं दिसायचं.) ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. फुटाला १६ चौकटी, चौकटीला दोन्ही बाजूंची मिळून ८ छिद्रं, म्हणजे फुटाला १२८. गुणाकार करा: ४,७३,६०० छिद्रं. हे फक्त पडद्यावर दिसलेल्या निगेटिव्हचं. वाया गेलेली फिल्म वेगळी, आणि प्रत काढायची तर त्या पॉझिटिव्ह फिल्मला पुन्हा तितकीच. यंत्राची फिल्म पुढे सरकवायची पकड ढिली पडली की अंतर चुकतं, चित्र नाचतं आणि प्रोजेक्टरच्या दात्यांवर कडा फाटते. छिद्रांचा भुसा नीट झटकला नाही तर तो चित्रावर चिकटतो आणि दर खेळाला एक नवा ओरखडा उमटवतो.

हे काम सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी केलं. फिल्म धुण्याची रसायनं मिसळणं, फिल्म धुणं, हेही त्यांनीच. त्या काळची रीत अशी की लाकडी चौकटीवर दीड-दोनशे फूट फिल्म गुंडाळायची आणि आधी डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या), मग हायपोच्या (ते पक्कं करणाऱ्या रसायनाच्या) हौदात बुडवायची, नंतर भरपूर पाण्यात धुऊन मोठ्या पिंपावर वाळवायची. ३७०० फुटांसाठी असे अठरा ते पंचवीस घाणे. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी कोमट. जिलेटिन फुगतं आणि कडेने सुटू लागतं. उपाय दोनच, बर्फ किंवा रात्रीची वेळ. हायपो पुरता धुतला गेला नाही तर काही महिन्यांत चित्र पिवळं पडतं. दिवसा हीच बाई चित्रीकरणात पांढरी चादर धरून ऊन नटांच्या तोंडावर वळवायची आणि दादरच्या त्या घरात राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही तिच्याकडेच. हे सगळं वगळून फक्त मंगळसूत्र ठेवायचं, याला काय म्हणावं?

‘वीस वर्षं बाई नव्हती’ हे विधानही याच जातीचं. पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, तो ग्रँट रोडच्या एका खाणावळीत कामाला होता, हे बरोबर. पण लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती होत्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. वर्ष १९१३, वीस वर्षं कुठली? कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. एकट्या आईने मुलीला घेऊन ज्या काळात पडद्यावर काम केलं त्या काळात लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल, आणि आता एका फॉरवर्डने त्या दोघींना पुसूनच टाकलं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर कृष्ण म्हणून फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आहे. साळुंक्यांचं श्रेय मात्र कमी करू नका: १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच होते.

उरलेलं भराभर. डोळे: रोज तासन्‌तास सिनेमे पाहून आणि जागरणं करून दृष्टी गेली होती, हे खरं, पण उपचारांनी परत आली. कायमचा आंधळा माणूस छिद्रं, जोड आणि चौकटी तपासत आणखी वीस वर्षं सिनेमे कसे काढेल, एवढा तरी विचार करायचा. इंग्रजांची नोकरी: लंडनमध्येच राहून भारतीय चित्रपट काढा असं हेपवर्थ यांनी सुचवलं होतं आणि फाळक्यांनी नाकारलं, इतपत मानतो. पण ते १९१४ च्या दुसऱ्या खेपेला, स्वतःचे चित्रपट तिकडे दाखवून झाल्यावर. ‘सरकारी नोकरी’ आणि ‘लाखो’ हे पदरचं.

‘भारतातला पहिला कॅमेरावाला’ असंही मध्येच घुसडलेलं आहे. सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं ते १८९९ मध्ये. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ ला, म्हणजे हरिश्चंद्राच्या जवळजवळ वर्षभर आधी, हरिश्चंद्र लागला त्याच कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा गोऱ्या माणसाने चालवला आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. फाळक्यांकडे कथा रचण्यापासून छिद्रं पाडण्यापर्यंत सगळं इथेच झालं, कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. म्हणून मी फाळक्यांना पहिलं मानतो. पण तोरण्यांचं नाव न घेता नाही.

अखेरच्या दिवसांत पैशाची ओढाताण होती आणि सिनेमाच्या धंद्याने त्यांना विसरायला घेतलं होतं, हे नाकारत नाही. पण भीक नाही. १९१८ च्या हिंदुस्तान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटलं नाही, म्हणून काशीला निघून गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, १९२२ मध्ये परत आले. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून काढला, तोवर ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट येऊन गेलेला. मग त्याला मागाहून आवाज चढवावा लागला आणि त्या खर्चात बुडाले. तरी १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला, वय सदुसष्ट. नाशिकला १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले.

राहिली लिंक. ‘संपूर्ण मूळ राजा हरिश्चंद्र’ कुणाकडेच नाही. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, मिळून १४७५ फूट, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तेसुद्धा १९१३ चं की १९१७ ला पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं, यावर जाणकारांत वाद आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भडकन पेट घेणारी आणि दमट हवेत विरघळून चिकट होणारी. उरलं तेवढं नशीब. लिंकवरच्या फितीला पेटीचं संगीत किंवा रंग असतील तर ते कुणीतरी आता चढवलेत. सलग काही पाहायचं असेल तर ‘कालिया मर्दन’ बराचसा शिल्लक आहे. आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या माहितीपटाचा तुकडा पाहा: त्यात फाळके स्वतः तालीम घेताना आणि फिल्म तपासताना दिसतात. कॅमेराही दिसतो, सायकलचा एकही भाग नसलेला.