काळ्या पडद्यावरचं टपाल

मोबाइलवर बोट टेकवलं की मेल उघडतो, ही सोय तुम्हाला खुपत असेल तर 'मट' तुमच्यासाठीच आहे. १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला, टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या, काळ्या खिडकीत चालणारा मेलचा प्रोग्रॅम. सगळेच मेल क्लायंट भिकार, हा जरा कमी भिकार, असं त्याचं स्वतःचंच ब्रीद आहे. नवी पेठेतल्या एकाही चादरवाल्यानं माझ्याशी इतकं खरं बोललेलं आठवत नाही.

मुहूर्त मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारचा धरा. रस्त्यावर कुत्रं नाही, नळाला पाण्याची पाळी नाही, म्हणजे भरायला कुणी उठवणार नाही. घरी सांगायचं, 'ऑफिसचं काम आहे.'

मग मटआरसी नावाची, मटच्या सेटिंग्जची फाइल करा. नावाआधी टिंब द्या, म्हणजे ती लपून राहील. तिच्यात पुढं जे होणार आहे ते लपलेलंच बरं. मेल आणायला आयमॅप, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) ९९३. पाठवायला एसएमटीपी, पोर्ट ५८७ नाहीतर ४६५. ५८७ वर आधी उघड्यावर नमस्कार-चमत्कार होतात, मग स्टार्टटीएलएसनं कुलूप लागतं. ४६५ वर कुलूप पहिल्यापासून. यात घोळ घालाच. ४६५ शी साधं बोलायला गेलात की आपला प्रोग्रॅम 'सर्व्हर आधी नमस्कार करेल' म्हणून थांबतो आणि सर्व्हर 'हा आधी कुलूप लावेल' म्हणून. पंगतीत 'आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही बसा' करत उभे राहिलेले दोन व्याही बघितलेत ना? तेच. पडद्यावर चूक दिसत नाही, काहीच दिसत नाही. माझी एक अख्खी दुपार त्या व्याह्यांनी खाल्ली. पत्त्यात एसएमटीपीच्या पुढं एक 'एस' राहिला होता.

पासवर्ड नेहमीचा टाका आणि नकार घ्या. जीमेल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. तो फाइलीत उघडाच लिहा आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त आपल्यापुरती, करायला विसरा, म्हणजे त्या मशीनवर बसणाऱ्या बाकीच्यांचीही सोय होईल.

आता माउसची गरज नाही. 'जे' दाबलं की खालचा मेल, 'के' दाबलं की वरचा. दोन्ही कळा उजव्या हाताखाली येतात, म्हणजे नेमका जेवायचाच हात अडकतो आणि कडक भाकरी शेंगाचटणीजवळ तशीच पडून राहते. भाकरीचं काही बिघडत नाही म्हणा, ती असल्याच प्रसंगांसाठी केलेली असते.

पहिला मेल उघडा. मजकुराऐवजी एचटीएमएलचे टोकदार कंस दिसतील. कुठला मजकूर कुणी उघडायचा हे सांगणारी मेलकॅप फाइल लिहून डब्ल्यूथ्रीएम या टर्मिनलमधल्या ब्राउझरला जोडलात की कंस जातील आणि मराठी दिसेल, म्हणजे 'सिद्धेश्वर' हा शब्द तीन ठिकाणी फुटलेला दिसेल. मामेभावाचा मेल माझ्याकडे असाच आला. कंस काढले, रंग दिले, विषयाची ओळ पिवळी केली. आत मजकूर नव्हताच, एक चित्र होतं, आणि टर्मिनलमध्ये चित्राच्या जागी फाइलीचं नाव तेवढं उमटलं. पिवळा रंग मात्र झकास आला होता.

आठवड्यानं त्याचा फोन. "काय बे, साखरपुड्याला आला नाहीस? पत्रिका मेल केली होती की!"

अशा वेळी गडबडायचं नाही. "सर्व्हर डाउन होता," म्हणायचं.