एकटं वाटतंय, यात तुमचा दोष काय?

'ज्याला स्वतःवर प्रेम करता येत नाही, त्याच्यावर जगात कुणीच प्रेम करत नाही,' असा एक मेसेज सध्या फिरतोय. पुढे आणखी मुक्ताफळं: एकटं वाटणं हे कमकुवत मनाचं लक्षण, स्वतःला समजून घेणं म्हणजे फाजील लाड, आणि कणखर माणसाला कुणाची गरज लागत नाही. काका गेल्यापासून एकटी राहणाऱ्या माझ्या मावशीला कुणीतरी तो 'प्रेरणादायी' म्हणून पाठवला. तिने मला विचारलं, "म्हणजे माझंच काही चुकलं का गं?" म्हणून हे लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

पहिलं वाक्य सर्वांत घातक आहे आणि धडधडीत खोटंही. तान्ह्या बाळाला कुठे येतं स्वतःवर प्रेम करता? त्याला आधी कुणीतरी जवळ घेतं, रडलं की शांत करतं, आणि त्यातूनच ते पुढे स्वतःला सावरायला शिकतं. ज्यांच्या वाट्याला लहानपणी नुसती बोलणीच आली, त्यांना मोठेपणी स्वतःशी दोन शब्द बरे बोलणंही जड जातं. मग काय, त्यांच्यावर कुणी माया करूच नये? आधीच आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटणाऱ्या माणसाला हा मेसेज सांगतो की, ते तुझ्याचमुळे. याला प्रेरणा म्हणायचं?

आता ते फाजील लाड, म्हणजे स्वतःला समजून घेतलं की माणूस आळशी होतो म्हणे. २०१२ मध्ये ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांची एक अवघड परीक्षा घेतली. ती जमली नाही तेव्हा काहींना सांगितलं, 'अशी परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार चिडू नका.' काहींना, 'तुम्ही हुशारच आहात.' पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास पहिल्या गटाने केला. आळशी कोण झालं मग?

एक मात्र मान्य करावं लागेल. 'माझ्याच नशिबी हे का' असं दिवसभर उगाळत बसलं की माणूस आणखी आत जातो. पण स्वतःशी मायेनं वागणं त्याच्या नेमकं उलट आहे. या विषयावर २००३ पासून लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी त्याचे तीन भाग सांगितले: दुःख आहे तेवढंच बघणं, ते इतरांच्याही वाट्याला येतं हे आठवणं, आणि स्वतःशी प्रेमानं बोलणं. म्हणजे रात्री 'मी कुणालाच नको' असं मनात आलं, तर 'आत्ता मला फार एकटं वाटतंय' एवढंच म्हणायचं. मग जिवलग मैत्रिणीला जे सांगितलं असतं, ते स्वतःला सांगायचं. सुरुवातीला खोटं वाटतं. वाटू दे.

कमकुवतपणाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो. हे सगळे दुबळे? आणि कुणाची गरज न लागणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. स्वतःला धीर द्यायचा तो माणसं तोडायला नव्हे, कुणाला तरी फोन लावायचं बळ यावं म्हणून. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा, त्याला सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा.