केराचा आठवडा

शिकायला जर्मनीला निघालो तेव्हा आईने मेतकूट दिलं, कुकर दिला, कुकरच्या दोन जादा शिट्ट्या दिल्या. केरसुणीचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

२०१४च्या ऑक्टोबरात श्टुटगार्टला पोचलो. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत. म्हणजे मी, डोंबिवलीचा का होईना, मावशीकडेच राहायला चाललो होतो. मावशी फार कडक निघाली.

दुसऱ्याच सोमवारी माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली : ‘केअरवोखे’. ‘वोखे’ म्हणजे आठवडा, एवढं जर्मन येत होतं. पुढच्या ‘केअर’वरून वाटलं, परदेशी विद्यार्थ्यांची काळजी घ्यायचा सप्ताह असावा. बरं वाटलं. दोन दिवस मी कोण येऊन काळजी घेतंय याची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून देवाचं नाव घेतलं आणि माझ्या हातात झाडू दिला.

‘केरेन’ म्हणजे झाडणे. इंग्रजीतलं केअर नव्हे, आपला शुद्ध मराठी केर! भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत, डोंबिवलीपासून इतक्या लांब आल्यावर ओळखीचा निघालेला पहिला शब्द ‘केर’ असावा, हे माझं नशीब.

ज्याच्या दाराला पाटी, त्याने तो आठवडा जिना झाडायचा, पुसायचा आणि रविवारी पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. ही झाली छोटी पाळी. मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि समोरचा फूटपाथही येतो. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत तो उपसायचा. या प्रथेचं मूळ १४९२ सालच्या शहराच्या नियमांत सांगतात. तेव्हा इथे दाढीवाला एबरहार्ट नावाचा सरदार राज्य करत होता. त्याच साली कोलंबस घर सोडून समुद्रावर गेला. तो श्टुटगार्टचा असता तर का गेला, हे मला लगेच कळलं असतं.

आमच्या सोसायटीत जिना झाडायला बाई येतात आणि त्या आल्या नाहीत की सेक्रेटरीला शिव्या घालणे एवढंच आमचं कर्तव्य. त्यामुळे सुरुवातीला मी आपला उकिडवा बसून फडक्याने पायऱ्या पुसायचो. आजी दार किलकिलं करून बघत राहायच्या. माझं काही हरवलंय असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं.

खरी पंचाईत डिसेंबरात झाली. शनिवारी चारपर्यंत मी एका बेकरीत काम करायचो. घरी येईतो साडेचार, म्हणजे तिथे सूर्य मावळायची वेळ. झाडू हातात घेतला आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे रात्रीचे नऊ.

“तिन्हीसांजेला केर काढतोयस? लक्ष्मी जाते!”

“अगं, इथे साडेचारलाच तिन्हीसांज होते.”

“मग उद्या काढ.”

“उद्या रविवार. रविवारी इथे रिकामी बाटलीसुद्धा कचराकुंडीत टाकू देत नाहीत, आवाज होतो म्हणून.”

आई क्षणभर थांबली. मग धर्मशास्त्रातली पळवाट तिने काढलीच. “काढ केर. पण बाहेर टाकू नकोस. भरून कोपऱ्यात ठेव, सकाळी टाक.”

मी आज्ञाधारक. जिन्याच्या कोपऱ्यात केरभरणी ठेवली. आत थोडी माती, एक बटण, कुणाच्या तरी कुत्र्याचे केस. आणि झोपलो.

रविवारी सकाळी आठला दारावर टकटक. आजी. हातात माझी केरभरणी, चेहरा असा की तिच्यात उंदीर सापडलाय.

माझ्या जर्मनमध्ये तोवर दोनच काळ होते, वर्तमान आणि चुकीचा. त्यातच मी सांगितलं : आमच्याकडे देवी आहे. देवी म्हणजे पैसा. झाडू म्हणजे देवी. रात्री केर बाहेर, तर पैसा बाहेर.

आजींच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. श्टुटगार्ट हा श्वाबेन लोकांचा मुलूख, आणि काटकसरीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या जर्मनीत नाही, असं बाकीचे जर्मनच सांगतात. आमच्या सदाशिव पेठेला उगाच नावं ठेवतात.

“पैसा? बाहेर जातो?” त्यांनी खात्री करून घेतली. केरभरणीकडे एकदा नीट बघितलं, मग अलगद होती तिथे ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात पाटी त्यांच्या दाराला होती. शनिवारी रात्री बेकरीतल्या मित्राकडून परतताना पाहिलं, त्यांच्या दाराशी, पायपुसण्यावर, भरलेली केरभरणी ठेवलेली. वर वर्तमानपत्राचा कागद झाकलेला.

मी निघालो तेव्हा आजींनी लाकडी मुठीचा हातझाडू भेट दिला. तेवीस किलोच्या बॅगेत तो बसवण्यासाठी कुकर मागे ठेवावा लागला. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईने तो उलटसुलट करून बघितला, त्याच्या मुठीला हळदकुंकू लावलं, आणि नमस्कार झाल्यावर माझ्याच हातात दिला.

“वरच्या मजल्यापासून सुरू कर,” ती म्हणाली, “बाई चार दिवस गावाला गेल्यात. आणि हो, आज नको. उद्या सकाळी.”