चौदा काड्या

शेजारच्या बाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली, तेव्हा त्या रडायच्याच बाकी होत्या. ऑपरेशनची भीती नव्हती. फेब्रुवारीत स्नोड्रॉप फुलतात आणि आपण नेमक्या तेव्हा मुलीकडे पाय लांब करून पडलेलो असणार, याचं दुःख होतं. तसा हा गुडघाही त्या फुलापायीच गेलेला. स्नोड्रॉप उभं वीतभर आणि मान कायम खाली घातलेली. त्याचं तोंड बघायचं तर माणसानं चिखलात गुडघे टेकायचे. बाई चाळीस वर्षं टेकत होत्या.

आम्ही इंग्लंडात चेल्टनहॅमला राहतो. बाईंच्या आणि आमच्या अंगणामध्ये कमरेएवढं कुंपण आहे आणि त्यावरून माझं शिक्षण चालतं. पहिल्याच वर्षी मी ‘सगळी सारखीच तर दिसतात’ असं म्हणून बसलो होतो. एखाद्या गवयासमोर ‘यमन काय नि भूप काय’ म्हटल्यावर तो जसा बघेल, तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पुढच्याच शनिवारी मला गाडीत घालून कोल्सबोर्नला नेलं. तिथल्या एल्विस नावाच्या जमीनदारानं १८७४ साली तुर्कस्तानात, स्मर्ना म्हणजे आजच्या इझमीरजवळ, रुंद पानांचा स्नोड्रॉप बघितला. त्या जातीला त्याचंच नाव मिळालं आणि त्याच्या बागेत अजून दर फेब्रुवारीत लोक रांगा लावून फुलं बघतात. रांगा लावून म्हणजे खरंच रांगा. सत्तरीची माणसं बर्फाळ वाऱ्यात हातात भिंग घेऊन ओणवी झालेली. दुरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्स एकदम पडल्यात.

रानातल्या मूळ जाती विसेकच. पण माणसांनी निवडून, संकर करून, कुणाच्या तरी परसात नाहीतर चर्चच्या आवारात सापडली म्हणून नावं दिलेली वाणं दोन हजारांच्या वर आहेत. बहुतेकांना बाहेर तीन पाकळ्या, आत तीन आखूड पाकळ्या, आणि आतल्यांवर हिरवा ठिपका. बस. एवढ्या भांडवलावर दोन हजार नावं! ठिपका उलट्या व्हीसारखा का एक्ससारखा, एक का दोन, देठ आखूड का लांब, यावर ओळख ठरते. २०२२ साली पिवळ्या ठिपक्याचा एक कांदा ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडांना गेला. एकच कांदा. कंद म्हणा हवं तर, पण आमच्याकडे गुलछडीचाही कांदाच लावतात. ही बातमी मी तेव्हा मोठ्या कौतुकानं निफाडला फोन करून आईला सांगितली होती. तिनं एवढंच विचारलं, “किलोला का क्विंटलला?”

तर यंदा आई आमच्याकडे आली होती, आणि बाई जाताना त्यांच्या चौदा खास कुंड्या माझ्या स्वाधीन करून गेल्या. “काही करायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पाणी नको, खत नको. फक्त लक्ष ठेव.” प्रत्येक कुंडीत एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली आणि तिच्यावर शिसपेन्सिलीनं नाव. मार्कर उन्हापावसानं उडतो, शिसपेन्सिल टिकते, हे बाईंचं ब्रह्मवाक्य.

शिसपेन्सिल खरंच टिकते. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर त्या चौदा पट्ट्या स्वयंपाकघरात ओट्यावर, स्वच्छ घासून, पंचावर वाळत ठेवलेल्या होत्या. लहानमोठ्या अशा उंचीनं लावलेल्या. प्रत्येकीवरचं नाव ठळक, टवटवीत.

“आई, हे काय?”

“काड्या. कुल्फीच्या असतील. पोरांनी खाऊन खोचल्या वाटतं मातीत. शेवाळ धरलं होतं नुसतं.” मग जरा थांबून, “एक रिकामी कुंडी होती तिथं. कोंब फुटलेला कांदा लावून टाकला तिच्यात. पात होईल पोह्यावर.”

मी खुर्चीत बसलो. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, संकटात हिशोब करतो. चौदा नावं चौदा कुंड्यांना लावायचे एकूण प्रकार ८,७१७ कोटींहून जास्त होतात. त्यातला एक बरोबर. बाई यायला अकरा दिवस.

दुसऱ्या दिवशी पहाटे सातला, अंगावर दोन स्वेटर, खाली योगासनाची सतरंजी आणि हातात मोबाइल घेऊन मी अंगणात आडवा झालो. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा फुलाखाली धरला की मान न मोडता आतलं दिसतं, हा माझा शोध. फक्त प्रत्येक फोटोत मागे माझं तोंड येतं, आणि तो अल्बम मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

सोपी होती ती पटापट सुटली. ‘वेंडीज गोल्ड’चा ठिपका आणि पाकळ्यांवरची गाठ दोन्ही पिवळी; केंब्रिजजवळ ती सापडली आणि शोधणाऱ्यानं बायकोचं नाव देऊन टाकलं. ‘विरिडापिस’च्या बाहेरच्या पाकळ्यांची टोकं हिरव्या शाईत बुडवल्यासारखी. ‘मर्लिन’चा आतला भाग सगळाच हिरवा. ‘मॅग्नेट’चं देठ इतकं लांब आणि बारीक की शेजारून मांजर गेलं तरी फूल झोके घेतं. ‘ग्रंपी’ तर स्वतःच बोलला: आतल्या पाकळीवर वर दोन ठिपके, खाली वाकडं तोंड, थेट आमच्या मॅनेजरचा सोमवार सकाळचा चेहरा.

मग अडलो. ‘एस. आर्नट’ म्हणे मधाच्या वासावरून कळतो. पण थंडीत वास येत नाही, फुलाला ऊब लागते. म्हणून मी एकेका फुलावर हळूच फुंकर घालून हुंगत गेलो. सगळ्यांना लसणाचा वास आला. आदल्या रात्रीची चटणी माझ्या पोटात होती. अर्थात शास्त्राच्या दृष्टीनं ते अगदीच चूक नव्हतं, कारण कांदा, लसूण आणि स्नोड्रॉप हे आता एकाच कुळात धरतात. ही माहिती मी दात घासता घासता आईला दिली. तिनं पहिल्यांदाच त्या कुंड्यांकडे नीट बघितलं. नातेवाईक निघाल्यावर बघावं तसं.

“मग तू फुलात काय तोंड घालून बसलास?” ती म्हणाली. “फूल चार दिवसांचं. पानाकडं बघ की.”

आमच्या घरी तीन पिढ्या कांदा. लासलगावला वडील ढिगात हात घालून पोळ कुठला, रांगडा कुठला, उन्हाळ कुठला ते सांगायचे. आई तर मान बघून सांगायची की हा कांदाचाळीत टिकणार का पावसाळ्याआधी सडणार. जाड मानेचा टिकत नाही. तिनं शाल गुंडाळली, पाटावर बसली आणि स्नोड्रॉपची पानं बोटानं बाजूला करायला लागली.

“हे बघ, हे हात जोडल्यासारखं उगवलंय, दोन पानं सपाट, समोरासमोर. हे दुसरं, ह्याचं एक पान दुसऱ्याला कवेत घेऊन वर आलंय, मोठ्या बहिणीनं धाकटीला घ्यावं तसं. आणि ह्या तिसऱ्याची कड मागं मुडपलीय, परकराला दुमड घालतात तशी.”

मी आत जाऊन बाईंनी दिलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. वनस्पतिशास्त्रज्ञ स्नोड्रॉपच्या जाती प्रामुख्यानं नेमक्या ह्याच तीन गोष्टींवरून वेगळ्या करतात. साधा स्नोड्रॉप हात जोडलेला, एल्विसचा कवेत घेणारा, आणि क्रिमियातून आलेला मुडपलेला. त्यासाठी पुस्तकात तीन आडव्या छेदांच्या आकृत्या आणि तीन भयंकर शब्द होते. आईला बहीण आणि परकर पुरले.

मुडपलेल्यांत एकाची पाकळी खरबरीत, चुण्याचुण्यांची निघाली, तो ‘ऑगस्टस’. एकाच कांद्यातून मागाहून दुसरा दांडा वर काढणारा ‘स्ट्रॅफन’. क्रिमियन युद्धातून कांदे आयर्लंडला आले, त्यांचा हा वंशज. माणसं युद्धावर जाऊन कांदे घेऊन आली, हे ऐकून आईच्या मनात इंग्रजांबद्दल प्रथमच बरं मत झालं. सातव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि एका कुंडीतून मधाचा वास आला. आर्नटसाहेब. तोवर उरलेल्यांतला लांबुडक्या थेंबासारखा ‘अ‍ॅटकिन्साय’ही सापडला होता.

राहिल्या पाच कुंड्या, सगळ्या डबल, म्हणजे आत पाकळ्यांचा गच्च घागरा. एक साधा, विस्कटलेला ‘फ्लोर प्लेनो’, तो कळला. पण नॉरफोकच्या ग्रेटोरेक्स नावाच्या गृहस्थांनी गेल्या शतकाच्या मध्याला अशी डबल फुलं तयार केली आणि त्यांना शेक्सपिअरच्या नाटकांतल्या बायकांची नावं दिली: ‘हिप्पोलिटा’, ‘जॅक्वेनेटा’, ‘ऑफेलिया’. मी रात्रभर तीन बायकांच्या घागऱ्यांचे फोटो मोठे करकरून बघत बसलो होतो. पत्नीनं मागून येऊन पडद्यावर नजर टाकली आणि काही न बोलता परत गेली.

पाचवी पट्टी ‘लेडी एल्फिन्स्टन’. ती पिवळी डबल. पण उरलेल्या कुंडीतलं फूल ठार हिरवं. म्हणजे आतापर्यंतचं सगळंच चुकलं. मी सतरंजीवर पालथा पडून राहिलो. या फुलातून १९५० च्या दशकात गॅलँटामिन नावाचं रसायन काढलं आणि ते आज स्मृतिभ्रंशावरचं औषध आहे. मला त्या क्षणी नेमकं उलटं औषध हवं होतं. पुस्तकात पुन्हा शोधलं, तेव्हा एका ओळीत सापडलं: जागा बदलली की लेडी एल्फिन्स्टन बिथरते आणि एकदोन वर्षं हिरवीच फुलते.

“रुसलीय,” आई म्हणाली. “मग आधी सांगायचं की.”

अकराव्या दिवशी बाई वॉकर टेकत आल्या. चौदा पट्ट्या जागेवर. मी अपराध आधीच कबूल केला. इंग्लंडमध्ये राहून ही एक सवय लागते. बाईंचा चेहरा पट्टीसारखा पांढरा झाला. मग त्या एकेका कुंडीपुढे थांबत गेल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक कुंडी त्यांच्या नाकापर्यंत उचलायची. आर्नट, बरोबर. ऑगस्टस, बरोबर. रुसलेल्या लेडीपाशी त्या हसल्या. हिप्पोलिटा आणि जॅक्वेनेटापाशी मात्र थांबल्या. भिंग काढलं. एक बघितली, दुसरी बघितली, परत पहिली. माझे दंड भरून आले.

“उलट्या झाल्यात का?” मी विचारलं.

बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू? १९९६ पासून मलाच खात्री नाही.”

कुंड्या खाली ठेवून मी घाम पुसतोय, तोवर बाईंची नजर पंधराव्या कुंडीवर गेली. टेकलेला वॉकर तसाच पुढे सरकला. भिंग पुन्हा वर आलं. पात चांगली टीचभर वाढली होती.

“हे माझं नाही. हे काय आहे?”

“काही नाही, कांदा आहे. खायचा. आईनं लावलाय.”

बाईंनी खिशातून कोरी पट्टी आणि शिसपेन्सिल काढली, पट्टी वॉकरच्या दांडीवर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं.

“कांदा दिसतोच आहे. पण कुठला?”

मी आईला मराठीत सांगितलं. आईनं पदर खोचला आणि कुंडीपाशी बसली.