सूज मिठाची, आणि पाणी कसलं बंद करताय?

आज पुन्हा ग्रुपवर तोच मेसेज. 'अंगावर सूज असेल तर पाणी कमी प्या आणि साधं मीठ सोडून गुलाबी मीठ खा.' खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

अहो, गुलाबी असो की पांढरं, ते सोडियम क्लोराइडच! खारट पोटात गेलं की रक्तातलं सोडियम वाढू नये म्हणून शरीर तहान लावतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, आपल्या अंगातही साधारण तोच हिशेब. तेवढं जास्तीचं मीठ आत अडकलं की लिटरभर पाणी अडकलं, काट्यावर एक किलो वाढला.

माझ्या मावशीचं हृदय कमजोर आहे. मध्ये ती आजारी होती तेव्हा 'हलकं असतं' म्हणून कुणीतरी तिला दोन्ही वेळा पाकिटातलं सूप दिलं. मोज्याचं इलॅस्टिक पोटरीत रुतून बसलं. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला, तो भरेचना. रात्री आडवं झालं की दम लागायचा, मग उशांना टेकून बसून राहायची. आणि ते सूप कुणालाच खारट लागलं नव्हतं!

हो, धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत जास्तीचं मीठ लघवीवाटे टाकून देतो, एखाद दिवशी अंगठी घट्ट झाली म्हणून घाबरू नका. हृदयाच्या काही रुग्णांना पाणी मोजून देतात, तेही मान्य. पण ते त्यांचे डॉक्टर ठरवतात, फॉरवर्ड नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

सूप देणाऱ्यावर माझा राग नाही. आजाऱ्याच्या पोटात काहीतरी गरम जावं, एवढंच होतं त्याच्या मनात. राग त्या पाकिटाचा येतो. पुढे ठळक 'पौष्टिक', सोडियमचा आकडा मागे मुंगीएवढा. तो आकडा अडीचने गुणा, तेवढं मीठ. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, एका वाडग्यात!

मावशीचं वजन आता रोज सकाळी वहीत लिहितो. एकदम वाढलं की थेट डॉक्टरांना फोन.

आणि 'कमी सोडियमचं मीठ' सुचवणाऱ्यांनो, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. विचारल्याशिवाय कुणाच्या घरी नेऊन देऊ नका.