आदर्कीला पार्किंग नाही

आमच्या भाच्याने आज सकाळी घरच्या ग्रुपवर एक चित्रफीत टाकली. पुणे–मिरज रेल्वेमार्गावरची लहान स्थानके ड्रोनने वरून टिपलेली, खाली कसलेसे हुरहूर लावणारे संगीत, आणि त्याखाली माझ्यासाठी निरोप : "मावशी, तुझी आवडती पाच स्टेशने सांग. रविवारी गाडी काढतो, दुपारपर्यंत सगळी उरकू." मी मोठ्या हौसेने नावे पाठवली. त्यावर प्रश्न आला की आदर्कीला पार्किंगची सोय आहे का. तेव्हापासून जे डोके फिरले आहे ते अजून ताळ्यावर आलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले.

रेल्वेचे स्थानक रेल्वेने जाऊन पाहायचे असते, हे तुम्हा मंडळींना मी वेगळे सांगायला नको. त्यातही प्रत्येक ठिकाणी थांबणाऱ्या पॅसेंजरने जायचे, उतरायचे, आपली गाडी निघून जाऊ द्यायची आणि पुढची येईपर्यंत तिथेच बसायचे. मोटारीने मागच्या दाराने फलाटावर शिरून, पिवळ्या पाटीखाली उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला पाटी दिसली असेल. स्थानक दिसले असे मी मानत नाही.

माझ्या डोक्यात या मार्गाचा विषय निघाला की वाल्हे येते, आणि वाल्हे आले की आत्या येते. मी शाळेत असताना तिच्याबरोबर पॅसेंजरने ताकारीला निघाले होते. तेव्हा मार्ग एकेरी होता, त्यामुळे समोरून गाडी यायची असली की आमची गाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन उभी करत. वाल्ह्याला अशीच क्रॉसिंगला थांबली. अर्धा डबा खाली उतरला, आत्याही उतरली आणि पाटीत सीताफळे घेऊन बसलेल्या एका बाईंशी तिने घासाघीस सुरू केली. एकेक फळ उचलून, डोळे किती उघडले आहेत ते बघून, नाक मुरडून ती परत ठेवत होती. बोलता बोलता त्या बाईंचे माहेर आत्याच्या सासरच्या शेजारच्या गावातले निघाले. मग सगळा व्यवहार उलटा झाला. आत्या पूर्ण पैसे देण्यासाठी हटून बसली आणि त्या बाई कमी घेण्यासाठी. "वहिनी, माहेरच्या माणसाकडून एवढे घेऊ होय?" हे वाक्य चालू असताना समोरची एक्स्प्रेस धडधडत गेली, गार्डने शिट्टी दिली, आणि मी डब्याच्या दारातून आत्याच्या नावाने ओरडत होते.

सांगायचे ते हे, की त्या भेटीला खोळंबा लागला. पाच मिनिटांत फळे घेता येतात, पण कोणाचे माहेर कुठले हे निघायला गाडी अडकून पडावी लागते. आता दुहेरीकरण झाले, विजेची इंजिने आली, क्रॉसिंगसाठी ताटकळणे उरले नाही. दुहेरीकरण गरजेचे होते, रोज कामाला आणि कॉलेजला जाणाऱ्याला त्या खोळंब्यात काहीही रम्य वाटत नसे, हे मान्य. मान्य केले, पुढे जाऊ.

जेजुरीपासून लोणंदपर्यंतचा पट्टा मला सर्वांत प्रिय आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढी वारीला जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशीच जाते आणि नीरा नदीत पादुकांना स्नान घातले जाते; म्हणजे दिंडीची वाट आणि रुळांची वाट इथे एकमेकींच्या सोबतीने चालतात. सोमवती अमावास्येला जेजुरीहून सुटणाऱ्या गाडीत चढून पाहा. डब्याची जमीन, बाकांच्या फटी, खिडकीचे गज, समोरच्या बाळाचे कान, सगळे भंडाऱ्याने पिवळे झालेले असते आणि कपड्यांचे काय होईल याची कोणालाही फिकीर नसते. आमच्या चिरंजीव भाच्याच्या मोटारीच्या आसनांना तो पिवळा रंग चालणार आहे का, हे मला विचारायचे आहे.

लोणंद सुटले की सालपे आणि मग घाट. आदर्कीला मी पहिल्यांदा उतरले ते केवळ हट्टाने, कारण सगळे म्हणत होते की तिथे बघायला काही नाही. खरेच नाही. डोंगर आहेत, वळणे घेत चढणारा मार्ग आहे, बोगदे आहेत, आणि गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी तिचा आवाज पोहोचतो, तोही कधी या डोंगरावरून तर कधी त्या. एवढ्यासाठी अख्खी दुपार घालवावी का? घालवावी. आत्याने सीताफळांच्या पाटीपुढे घालवली तशी.

वाठारची गोष्ट निराळी. आज ज्यांना महाबळेश्वर म्हटले की वाईची वाहतूक कोंडी आठवते, त्यांना हे ठाऊक नसेल की मोटारी सर्रास होण्यापूर्वी थंड हवेसाठी जाणारी साहेबलोकांची आणि संस्थानिकांची मंडळी वाठारला उतरत आणि तिथून टांग्यांनी वाई, पाचगणी करत वर जात. गावाचे नावच वाठार स्टेशन होऊन बसले आहे.

शेणोलीबद्दल मात्र मी हळव्या सुरात बोलणार नाही. 7 जून 1943 रोजी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने याच शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराचा पैसा नेणारी इंग्रज सरकारची गाडी अडवली आणि ती रक्कम स्वातंत्र्याच्या कामासाठी नेली. रुळांजवळ त्याचे छोटे स्मारक आहे. किती जणांच्या चित्रफितीत ते येते? ड्रोनला ढग दिसतात, धुके दिसते, हिरवळ दिसते. खाली कुंडल परिसरातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी साम्राज्याची आगगाडी थांबवली होती, ते दिसत नाही. याचा मला खरोखर संताप येतो आणि तो मी आवरणार नाही.

पुढचे किर्लोस्करवाडी हे मूळचे कुंडल रोड. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली आणि पुढे स्थानकानेही तेच नाव घेतले. त्यानंतर भिलवडी, जिथे औदुंबरच्या दत्ताला जाणारे उतरतात. त्या दिवशी आम्ही ताकारीला उतरायचे सोडून भिलवडीपर्यंत गेलो, कारण सीताफळे दत्ताला नेऊ असे आत्याने भवानीनगर येता येता ठरवले. तिकीट ताकारीपर्यंतचेच होते, त्यावर तिचे मत असे की दत्ताकडे जाणाऱ्याला कोणी अडवत नसते.

खरी चीड भाच्याची नाहीच. तो बिचारा निदान विचारतो तरी. चीड याची आहे की करोनाच्या काळात बंद पडलेले कितीतरी थांबे पुन्हा मिळवायला गावोगावच्या लोकांना निवेदने देत फिरावे लागले, आणि आपण पुण्यामुंबईची माणसे मात्र त्याच स्थानकांची चित्रे पाहून बदाम टाकत बसलो. वंदे भारत आली, आनंद आहे, मीही तिने कोल्हापूरला जाऊन आले आणि चहा बरा होता. पण तिच्या काचेतून वाल्हे वाचूनही होत नाही. गाडी थांबत नसेल तर पाटीवाल्या बाईंनी पाटी घेऊन कोणासाठी बसायचे?

एक गोष्ट नाइलाजाने लिहिते. बाईमाणसाने या स्थानकांवर दुपार काढायची म्हणजे स्वच्छतागृहाला कुलूप असण्याची तयारी ठेवावी लागते, आणि ज्यांना हे नको असेल त्यांना मी दोष देत नाही.

भाच्याला आताच उत्तर पाठवले आहे. पाच नव्हे, एकच ठिकाण, वाल्हे, आणि तेही गणपती गेल्यावर, सीताफळांच्या दिवसांत. तिकिटे मी काढीन. परतीच्या गाडीला तिथे थांबा आहे की नाही ते आदल्या दिवशी पाहून ठेवायचे काम त्याचे, आणि सुटे पैसे व कापडी पिशवी ज्याची त्याने आणायची. आणखी कोणाला यायचे असेल तर खाली लिहा, मात्र भाव करण्यात तरबेज असलेल्यांना प्राधान्य मिळेल.