गजराची चाल आणि चोरीचा आळ

गुरुजी, नमस्कार.

डबलबारीवरच्या, म्हणजे कोकणात दोन भजनी बुवांत रंगणाऱ्या सामन्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत. एक, 'गोमू माहेरला जाते हो नाखवा' याला मी कोकणचं लोकगीत म्हटलं, ते साफ चूक. दोन, सिनेमाच्या चाली उचलून त्यांवर विठ्ठलाचं नाव बसवणं ही चोरी आहे आणि तिला मी परंपरा म्हणून डोक्यावर घेतो. शिवाय भजन बिघडवलं ते कॅसेटनं.

पहिलं बिनशर्त मान्य. ते गाणं १९६४ च्या 'वैशाख वणवा' चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, संगीत दत्ता डावजेकरांचं, आवाज जितेंद्र अभिषेकींचा. लेखात दुरुस्ती केली आहे. पण चूक झाली कशी तेही ऐका. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तरीतून खाडी ओलांडताना, मग लग्नात, मग शाळेच्या गॅदरिंगला. पडद्यावर कधीच नाही. शिमग्याच्या खेळ्यांत बाप्या लुगडं नेसून गोमू होतो, हे लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे हे गाणं माडगूळच्या कवीनं लिहिलं असेल असा संशयसुद्धा आला नाही. सिनेमातलं गाणं गावानं इतकं पचवलं की तुमच्यासारख्यानं कान धरल्याशिवाय मूळ कळू नये! आणि इथेच तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी माझं वाजतं.

चोरी लपवतात हो. डबलबारीतला बुवा चाल लपवत नाही. ती ओळखली गेली नाही तर त्याचाच गजर, म्हणजे त्या चालीवर बसवलेलं भजन, पडतो. कणकवलीजवळच्या एका जत्रेतली बारी सांगतो. रात्रीचे दोन वाजून गेलेले. पखवाजवाल्यानं धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, ओली कणीक थापली, कडेनं बोट फिरवलं, थाप मारून बघितली, चिमूटभर काढून टाकली, पुन्हा थाप. बुवांनी काळी दोनवर पेटी धरली आणि नुसती एक ओळ वाजवली, शब्द नाहीत. माझ्या बाजूचे आजोबा कांबळ्यातून डोकं काढून म्हणाले, "ही चाल खंयची रे?" तोवर मागची पोरं ओळखून हसायला लागली होती. दुसऱ्या ओळीला टाळकऱ्यांनी चाल अंगावर घेतली, तालमीची गरजच नाही. आता सगळ्यांचे कान एकाच गोष्टीकडे: हा बुवा समोरच्या बुवाला शब्दांत काय टोला देतो. चाल ओळखीची लागते ती यासाठी.

तुम्ही नाट्यसंगीताचे भोक्ते. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ चीज छापलेली सापडेल. १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींच्या चाली दिल्या. तिथे आपण कानाच्या पाळीला हात लावतो. मग कुडाळच्या बुवानं लक्ष्मीकांत-प्यारेलालची चाल घेतली की चोर कसा?

सिनेमाच्या गाण्यांवर नाक मुरडून काय होतं हेही आपण बघितलंय. १९५२ च्या सुमारास बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेसंगीताला कात्री लावली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, बुधवारी रात्री बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

आता कॅसेट. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तिच्यात नाट्यपद कापून बसवता येई, बारी कशी मावणार? सी-९० कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं. आमच्याकडचे चाकरमानी गणपतीला येताना कोऱ्या कॅसेटी आणायचे, टेप थेट पेटीच्या पुढ्यात ठेवायचे आणि मुंबईला परतल्यावर चाळीत वर्षभर तेच ऐकायचे. आमच्या घरी त्यातली एक अजून आहे. गजर रंगलाय, समोरच्या बुवाला मिरची झोंबणार, आणि खट्ट! बाजू संपली. कॅसेट उलटीपर्यंत टोला हाणून झालेला. तो काय होता, हे विचारायला आता त्या बारीतलं कोणी उरलेलं नाही.

एक मात्र तुमचं सोळा आणे खरं. माईकला लावलेल्या त्या 'इको'नं शब्दाचा पार चोथा केलाय. 'विठ्ठल'मधला ठ चार वेळा ऐकू आल्यावर कसली भक्ती नि कसला टोला? आणि चालींचा माल आटलाय, हेही खरं. १९९० च्या 'आशिकी'त नदीम-श्रवणनीही बुवांना भरपूर पुरवलं. अलीकडच्या बऱ्याच गाण्यांत ठेका दणदणीत, पण चाल दोन-तीन सुरांत घुटमळते. पेटीवर धरायला हाताला काही लागत नाही. म्हणून पंचविशीतला बुवाही सत्तरच्या दशकातलं काहीतरी काढतो, त्याच्या जन्माआधीचं.

तुमच्या पेटीच्या वर्गात मुलांच्या हातात पहिली चाल कुठली देता, ते कळवा. माझ्या मास्तरांनी सुधीर फडक्यांचं 'ज्योति कलश छलके' दिलं होतं, भूप राग शिकवायला म्हणून. ओटीवर बसलेले त्यांचे थोरले भाऊ तिथूनच ओरडायचे, "अरे, तो देसकार आहे!" दोन्ही रागांचे सूर तेच, आणि मग आमचा तास तिथेच संपायचा.